बडोद्यात मराठी पुस्तकांचे दुकान चालवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात, तसेच डभोई, नवसारी, बिलिमोरा यांसारख्या गावांत मराठी पुस्तकांचे छोटे दुकान काढू पाहणारे लोक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचा संबंध दोन प्रश्नांशी येतो तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. करासंबंधीचे नियम बदलत राहतात, म्हणून प्रत्यक्ष कागदपत्रे करण्यापूर्वी ते आपल्या सीएला जरूर दाखवावेत.

१. बडोद्यात फक्त मराठी पुस्तकांवर दुकान चालते का?

चालते, मात्र पाटी पाहून आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर चालत नाही. शहर मोठे असले तरी मराठी वाचक मोजका आहे आणि तो वाडी, दांडिया बाजार, राजमहल रोड या जुन्या वस्त्यांपासून मांजलपूर, कारेलीबाग, गोत्रीपर्यंत विखुरलेला आहे. म्हणून हे दुकान नावाने आणि आवडीने ओळखीच्या असलेल्या वाचकांवर उभे राहते. कोण काय वाचतो आणि पुढे काय वाचू शकेल हे ज्या दुकानदाराला ठाऊक असते, त्याचा गल्ला लहान असला तरी नियमित असतो.

बडोद्याच्या वाचनपरंपरेचा आधार जरूर आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लावली, आणि पेट्यांमधून गावोगाव पुस्तके पोहोचवणारी फिरती ग्रंथालये सुरू केली. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार मराठी साहित्य संमेलने या शहरात भरली. या सगळ्याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. तरीही नव्या दुकानदाराने हा वारसा विक्रीच्या हिशेबात धरू नये. ज्या घरात आजोबांची पुस्तकांनी भरलेली कपाटे आहेत, त्याच घरातला नातू मराठी बोलतो पण गुजराती किंवा इंग्रजी वाचतो, हे येथे नेहमी दिसते. त्याच्यापर्यंत कसे पोहोचायचे, ते प्रश्न ९ मध्ये लिहिले आहे.

२. दुकान सुरू करण्यासाठी कोणकोणत्या नोंदण्या कराव्या लागतात?

महानगरपालिकेकडे गुमास्त्याची, म्हणजे दुकानाची नोंद, व्यवसाय कराची नोंद आणि दुकानाच्या नावाने बँकेत चालू खाते, एवढे सुरुवातीला पुरते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंद, संकेतस्थळावर विनामूल्य होते आणि बँकेकडून कर्ज घेताना उपयोगी पडते. भाडेकरार नोंदवूनच घ्यावा, कारण त्याची प्रत जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मागितली जाते. जीएसटीचा प्रश्न स्वतंत्र आहे.

३. पुस्तकांवर जीएसटी नाही, मग नोंदणी करावी लागते का?

छापील पुस्तके, मुलांची चित्रांची आणि रंगवायची पुस्तके, तसेच नियतकालिके यांवर जीएसटी नाही. जो फक्त करमुक्त माल विकतो, त्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणीची सक्ती नाही. ही सूट कायद्यानेच दिलेली आहे.

गुंतागुंत सुरू होते ती पुस्तकांच्या शेजारी पेन, डायऱ्या किंवा भेटवस्तू ठेवल्यावर. अशा वेळी नोंदणीची मर्यादा मोजताना केवळ करपात्र मालाची विक्री धरत नाहीत, पुस्तकांची करमुक्त विक्रीही तीत मिळवली जाते. गुजरातमध्ये केवळ माल विकणाऱ्यासाठी ही मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये आहे. म्हणजे एखाद्या दुकानाची पुस्तकविक्री ३९ लाख आणि पेन-डायऱ्यांची विक्री दीड लाख असेल, तर त्या दीड लाखाच्या मालामुळे नोंदणी करावी लागते. पुस्तके भाड्याने देणे किंवा वाचनालयाची वर्गणी घेणे ही सेवा ठरते आणि सेवा आली की मर्यादा २० लाखांवर येते. दिवाळी अंकांची भाडेयोजना चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे (प्रश्न ८ पाहा). वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि नकाशे २२ सप्टेंबर २०२५ पासून करमुक्त झाले आहेत, त्यामुळे शालेय सामान ठेवणाऱ्यांची अडचण बरीच कमी झाली आहे.

४. जागा कुठे आणि केवढी घ्यावी?

मंदिर, मराठी वस्ती किंवा नाट्यगृह यांच्या वाटेवरची, गल्लीत असली तरी चालेल, पण भाडे परवडणारी जागा घ्यावी. मोठ्या रस्त्यावरच्या जागेचे भाडे पुस्तकाच्या नफ्यातून सुटत नाही. लहान दुकानात चारही भिंती छतापर्यंत वापरता येतात आणि मधे दोन माणसे निवांत उभी राहू शकली तरी पुरे. वयस्क वाचकांसाठी एक खुर्ची मात्र नक्की असावी. जागा पाहताना पावसाळ्यात तेथे पाणी कुठपर्यंत येते, हे घरमालकाला न विचारता शेजारच्या दुकानदाराला विचारावे. त्याचे कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

५. सुरुवातीला कोणती पुस्तके भरावीत?

पुणे-मुंबईतील खपाच्या याद्या पाहून माल भरू नये. त्या याद्यांमधील निम्मी नावे येथे विचारलीही जात नाहीत आणि येथे वर्षभर विचारली जाणारी पुस्तके त्या याद्यांमध्ये सापडत नाहीत. प्रत्येक गावाच्या वाचनाला स्वतःचे ओघ असतात, आणि बडोद्याचे ओघ ओळखता येण्याइतके स्पष्ट आहेत.

पहिला ओघ दत्तभक्तीचा आहे. नर्मदाकाठी गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी आहे आणि नारेश्वरला रंगअवधूत महाराजांचे स्थान आहे. तेथे जाणारी-येणारी कुटुंबे बडोद्यात राहतात किंवा बडोद्यावरून जातात. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी पारायणासाठी गुरुचरित्राची पोथी हमखास मागितली जाते. ती मोठ्या टायपातली, सुट्या पानांची की बांधीव, हेही गिऱ्हाईक नेमके सांगते, म्हणून तिन्ही प्रकार ठेवावेत. त्याच महिन्यातील गुरुवारच्या महालक्ष्मी व्रताच्या पुस्तिका, श्रावणातील कहाण्या, गणपतीच्या आधी आरतीसंग्रह आणि पाडव्याच्या आधी पंचांगे यांची विक्री ठरलेली असते. या मालावर नफा थोडा असला तरी रक्कम अडकून पडत नाही.

दुसरा ओघ नर्मदा परिक्रमेचा. परिक्रमेला निघणारे नकाशा, आश्रमांची माहिती आणि अनुभवकथन विचारतात, आणि जाऊन आलेले पुन्हा येऊन दुसऱ्यांचे अनुभव वाचायला नेतात.

तिसरा ओघ आंबेडकरी साहित्याचा. २३ सप्टेंबर १९१७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या ठिकाणी अस्पृश्यता नष्ट करण्याचा संकल्प केला, ती संकल्पभूमी येथील सयाजीबागेत आहे. त्या दिवशी आणि १४ एप्रिलला बाहेरगावाहून मोठ्या संख्येने लोक येतात. त्यांतील अनेकजण मराठी वाचणारे असतात आणि घरी न्यायला पुस्तक शोधतात. या दिवसांसाठी चरित्रे, भाषणे, आत्मकथने आणि लहान मुलांना देता येतील अशी पुस्तके महिनाभर आधी मागवून ठेवावीत.

चौथा ओघ बडोद्याविषयीच्या पुस्तकांचा आहे. सयाजीरावांची चरित्रे, संस्थानाचा इतिहास आणि येथील संगीत-चित्रकलेविषयीचे लेखन बाहेरून आलेले पाहुणे आवर्जून विचारतात. अशी पुस्तके प्रकाशकाकडे संपली की लवकर पुन्हा छापली जात नाहीत, म्हणून दिसतील तेव्हा दोन प्रती जास्त घ्याव्यात. कथा, कादंबरी, चरित्र, पाककृती आणि बालसाहित्य यांचा नेहमीचा साठा यानंतर भरावा. सुरुवातीला एका पुस्तकाच्या एक-दोन प्रतीच ठेवाव्यात, कारण वाचकाला निवड हवी असते आणि एकाच पुस्तकाच्या दहा प्रतींमधून ती मिळत नाही.

६. पुस्तके कोठून मागवावीत आणि कमिशन किती मिळते?

मराठी पुस्तकांचा घाऊक व्यापार मुख्यतः पुण्यातून चालतो. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील एखाद्या मोठ्या वितरकाकडे खाते उघडले, तर बहुतेक प्रकाशकांची पुस्तके एकाच गठ्ठ्यात येतात. मोठ्या प्रकाशकांशी थेट व्यवहार केल्यास कमिशन थोडे जास्त मिळते, पण दहा ठिकाणांहून दहा लहान पार्सले आली तर तो फायदा वाहतुकीत जातो. म्हणून दोन-तीन प्रकाशक थेट आणि बाकी सारे वितरकामार्फत, ही रीत लहान दुकानाला सोयीची पडते. ललित पुस्तकांवर छापील किमतीच्या साधारण पंचवीस ते चाळीस टक्क्यांच्या दरम्यान कमिशन असते. शैक्षणिक आणि सरकारी प्रकाशनांवर ते बरेच कमी असते. रोखीने घेतल्यास दोन-चार टक्के वाढवून मागावेत.

गठ्ठा ट्रान्सपोर्टने किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या बसने येतो. तो उघडताना बिल हातात घेऊन नग मोजावेत आणि प्रत्येक प्रत अंगठ्याखालून एकदा सरसर चाळावी. एखादा सोळा पानी फॉर्म, म्हणजे एकत्र छापून बांधलेल्या पानांचा संच, गळलेला असतो, कधी उलटा बांधलेला असतो, कधी एकच फॉर्म दोनदा आलेला असतो. पृष्ठ ६४ नंतर एकदम ८१ आले, तर ते वाचकाच्या घरी लक्षात येण्याऐवजी आपल्या काउंटरवर लक्षात यावे. सदोष प्रती प्रकाशक बदलून देतात, मात्र त्याच आठवड्यात कळवल्यास.

मागणीची वही हे या व्यवहाराचे मर्म आहे. दुकानात नसलेले पुस्तक कोणी विचारले की वाचकाने सांगितले तसेच लिहावे : ‘आकाशवाणीवर क्रमशः वाचलेले, डॉक्टरांचे आत्मचरित्र, मुखपृष्ठ निळे’. शेजारी फोन नंबर, तिसऱ्या रकान्यात शोधून सापडलेले खरे नाव आणि प्रकाशक, चौथ्यात ते कधी येईल ते. दर आठवड्याला ही वही समोर ठेवूनच ऑर्डर द्यावी. या वहीतून मागवलेले पुस्तक सहसा पडून राहत नाही आणि ज्याच्यासाठी ते शोधले, तो वाचक पुढचे पुस्तकही आपल्याकडेच विचारतो.

७. संकेतस्थळांवर पुस्तक स्वस्त मिळते. मग दुकानात किती सूट द्यावी?

प्रथम हिशेब पाहू. छापील किंमत ३०० रुपये आणि कमिशन ३५ टक्के असेल, तर पुस्तक १९५ रुपयांना पडते. वाहतुकीचे ६ रुपये धरले तर हाती ९९ रुपये उरतात आणि त्यातून भाडे, वीज, मदतनिसाचा पगार आणि न खपलेल्या पुस्तकांचा बोजा निघायचा असतो. दहा टक्के सूट दिली की ९९ चे ६९ होतात. वीस टक्के दिली तर ३९ उरतात. गिऱ्हाइकाला वीस टक्के वाटणारी सूट दुकानदाराच्या मिळकतीतील साठ टक्के असते. ही गोष्ट नव्या दुकानदाराने बिलबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

आमचे स्पष्ट मत आहे की लहान दुकानाने सूट देण्याच्या स्पर्धेत उतरू नये. नियमित वाचकाला, विद्यार्थ्याला आणि संस्थेला दहा टक्के द्यावेत, ते सर्वांना सारखे द्यावेत, आणि त्यापुढे घासाघीस करू नये. संकेतस्थळ जे देऊ शकत नाही ते येथे मिळते : चार पाने वाचून पाहता येतात, पंच्याहत्तरीच्या आजीबाईंना वाचता येईल इतका टाइप मोठा आहे का हे कळते, आणि मौंजीला किंवा साठीशांतीला द्यायला काय योग्य ते सांगणारा माणूस समोर असतो. ज्या वाचकाला केवळ किंमत पाहायची आहे त्याला अडवू नये आणि त्याच्यावर रागावूही नये. तोच माणूस दुर्मिळ पुस्तक शोधताना परत येतो.

जुन्या प्रतीवर जास्त किमतीची चिठ्ठी चिकटवावी का, असेही विचारले जाते. किंमतवाढ प्रकाशकाने केली असेल आणि प्रत त्याच चिठ्ठीसह आली असेल तर ठीक आहे. आपल्याकडील जुन्या प्रतीवर आपण चिठ्ठी लावू नये. ती खरवडून पाहणारा वाचक पुन्हा विश्वास ठेवत नाही.

८. दिवाळी अंकांचा व्यवहार कसा करावा?

‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला तेव्हापासून मराठी घरांना या वाचनाची सवय आहे आणि महाराष्ट्राबाहेर तर तिचे मोल आणखी वाढते. पण अंक नाशवंत माल आहे. तुळशीच्या लग्नानंतर मागणी उतरते आणि नाताळानंतर जवळजवळ थांबते. म्हणून मागवण्यापूर्वी न खपलेले अंक परत घेणार का, कोणत्या तारखेपर्यंत आणि परतीचा खर्च कोणाचा, हे वितरकाकडून लेखी घ्यावे. बडोद्यात आणखी एक अडचण येते : नवरात्राच्या नऊ रात्री सारे शहर गरब्याच्या मैदानावर असते आणि संध्याकाळी दुकानात कोणी फिरकत नाही. त्यामुळे अंकांची आगाऊ नोंदणी नवरात्राच्या आधी, गणपतीच्या दिवसांतच घ्यावी.

एका रकमेत सभासदांना आलटून-पालटून अंक वाचायला देण्याची योजना लोकप्रिय आहे आणि न खपणाऱ्या अंकांची भीती तिच्यामुळे कमी होते. तिचा कराशी असलेला संबंध प्रश्न ३ मध्ये आला आहे.

९. येथील मुलांना मराठी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी पुस्तके ठेवून उपयोग आहे का?

पालक समजतात तितकी ही अडचण मोठी नाही. गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातील मूल शाळेत हिंदी शिकते, म्हणजे देवनागरी अक्षर त्याला येते, आणि घरात मराठी कानावर पडतच असते. अडते ते लांब वाक्यांवर, जोडाक्षरांवर आणि घरच्या बोलण्यात न येणाऱ्या शब्दांवर. म्हणून वयाप्रमाणे पुस्तक देऊ नये. दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाचे, मोठ्या टायपाचे, पानावर चार ओळींचे पुस्तक द्यावे, मात्र विषय त्याच्या वयाला शोभेल असा निवडावा : प्राणी, विज्ञानाचे प्रयोग, विनोदी गोष्टी, किल्ले. पालकांसमोर मुलाला वाचून दाखवायला लावू नये. आजीने वाचायचे आणि मुलाने चित्र पाहत ओळ धरायची, ही पद्धत सर्वांत चांगली लागू पडते, आणि पुस्तक विकताना ती आजीला समजावून सांगावी. सुट्टीत शनिवारी सकाळी दुकानात गोष्टवाचन ठेवल्यास त्या दिवशी फारशी विक्री होत नाही, पण मूल दुकानाला आपले मानू लागते. आमच्या दृष्टीने मराठी दुकानाचे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

१०. गुजराती, हिंदी आणि इंग्रजी पुस्तके ठेवावीत का?

थोडी ठेवावीत. मराठीतून गुजरातीत आणि गुजरातीतून मराठीत झालेले अनुवाद शेजारी शेजारी लावावेत. मिश्र भाषेच्या घरांत सासूला मराठी आणि सुनेला गुजराती प्रत एकाच वेळी विकली जाते. गुजराती पुस्तकांची शहरात स्वतंत्र आणि मोठी दुकाने आहेत, त्यांच्याशी बरोबरी करण्यात अर्थ नाही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा मोह टाळावा, कारण ती दरवर्षी जुनी होतात.

११. शाळा आणि ग्रंथालयांना पुस्तके कशी पुरवावीत?

दर लेखी द्यावा, पुरवठा टप्प्याटप्प्याने करावा आणि पैसे उशिरा येतील असे गृहीत धरावे. संस्थांची खरेदी बहुधा आर्थिक वर्षाच्या अखेरीस, मार्चमध्ये होते आणि रक्कम काही महिन्यांनी हाती पडते. तोपर्यंत वितरकाची उधारी मात्र थांबत नाही. म्हणून एकूण भांडवलाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त रक्कम संस्थांच्या येण्यात अडकू देऊ नये. सार्वजनिक ग्रंथालयांना खरेदीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून साहाय्य मिळते, पण त्या खरेदीची निवड आणि पद्धत त्यांच्या नियमांनुसार असते. दुकानाने त्या भरवशावर आधीच माल भरून ठेवू नये.

१२. गावातील लेखक स्वतः छापलेली पुस्तके ठेवायला देतात. ती कशी घ्यावीत?

आदराने आणि लिहून घ्यावीत. पाच प्रती, दुकानाचा हिस्सा किती, हिशेब कोणत्या महिन्यात, न खपलेल्या प्रती कधी परत न्यायच्या, एवढे एका कागदावर दोघांच्या सहीने असावे. स्थानिक लेखकाच्या पुस्तकाला दर्शनी जागा द्यावी, कारण त्याचे वाचक याच शहरात असतात. ‘पुस्तक चालत का नाही?’ या त्याच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे : पुष्कळदा मुद्रितशोधन झालेले नसते आणि पुठ्ठ्याच्या कण्यावर नाव छापलेले नसते, त्यामुळे कपाटात ते दिसतच नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. या प्रती पुरात किंवा आगीत गेल्या तर काय, हे प्रश्न १६ मध्ये पाहावे.

१३. बाहेरगावच्या वाचकाला पुस्तक पाठवायचे असेल तर स्वस्त मार्ग कोणता?

टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, असे तिचे दर ठरले, त्यांवर कर वेगळा. पार्सल जमिनीवरील मार्गाने जाते म्हणून वेळ लागतो, पण ते कुठे पोहोचले ते पाहता येते. नियतकालिके या सेवेतून जात नाहीत, त्यामुळे दिवाळी अंकांसाठी ती उपयोगाची नाही. कोपरे दुमडू नयेत म्हणून पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावावा आणि पावसाळ्यात आत प्लास्टिकची पिशवी घालावी.

१४. छपाईत नसलेल्या पुस्तकाची झेरॉक्स प्रत करून विकता येते का?

लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. १९६० साली निधन पावलेल्या लेखकाचे साहित्य ३१ डिसेंबर २०२० पर्यंत संरक्षित होते, त्यानंतर ते मुक्त झाले. ही मुदत संपलेली नसेल तर प्रत करून विकता येत नाही, मग पुस्तक कितीही वर्षे छापलेले नसो. चोरट्या छपाईच्या प्रती जाणूनबुजून विकणे हाही गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. रस्त्यावर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या त्या प्रती पुसट अक्षरांवरून आणि पातळ कागदावरून सहज ओळखू येतात.

येथे दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. मूळ पुस्तक मुक्त झाले तरी त्याच्या अनुवादावर अनुवादकाचा हक्क वेगळा चालू असू शकतो, तसेच संपादकाने लिहिलेल्या प्रस्तावनेवर आणि टीपांवरही. आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची साठ वर्षे प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून मोजली जातात.

वाचकाला विन्मुख पाठवू नये. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. तेथे चौकशी करायला सांगावे आणि जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे आपणही विचारावे.

१५. पावसाळ्यात आणि पुरात पुस्तकांचे रक्षण कसे करावे?

विश्वामित्री नदीला ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आलेला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना या प्रश्नाचे महत्त्व सांगायला नको. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून किमान दोन फूट वर असावा, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यात पुस्तके न ठेवता कागदी पिशव्या, खोकी असे सामान ठेवावे. तळघरात माल कधीही ठेवू नये. कपाटे भिंतीपासून दोन-तीन इंच सुटी ठेवावीत, म्हणजे ओल पुस्तकांपर्यंत येत नाही आणि वाळवीची माती लगेच दिसते. कसरीसाठी डांबराच्या गोळ्या किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवतात. पण दर महिन्याला पुस्तके हलवून झटकणे हाच खरा उपाय आहे.

पुस्तके भिजलीच, तर दोन दिवसांच्या आत हालचाल करावी, कारण त्यानंतर बुरशी धरते. ती उन्हात टाकू नयेत. पाने वाकतात आणि पुठ्ठा सुटतो. साध्या कागदाची पुस्तके पंख्याखाली उभी, पाने किंचित उघडी करून ठेवावीत आणि दर पंधरा-वीस पानांमागे कोरा टिपकागद घालून तो बदलत राहावे. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई उतरते. गुळगुळीत आर्ट पेपरची चित्रांची पुस्तके सुकताना पाने एकमेकांना चिकटतात आणि मग ती सुटत नाहीत. अशी पुस्तके थोडी आणि मोलाची असतील, तर ओली असतानाच प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजमध्ये ठेवावीत आणि सवडीने एकेक बाहेर काढून सुकवावीत.

१६. विमा घेतला असेल तर सगळे नुकसान भरून मिळते का?

लहान दुकानासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी योग्य आहे. एका ठिकाणची जोखीम पाच कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती घेता येते आणि तिच्यात आगीबरोबर पुराचाही समावेश असतो. दावा करताना साठ्याचा पुरावा लागतो. म्हणून खरेदीची बिले आणि साठ्याची यादी यांची एक प्रत दुकानाबाहेर, घरी किंवा ईमेलवर ठेवावी. भिजलेला माल हलवण्यापूर्वी प्रत्येक कप्प्याची छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि सर्वेक्षक येईपर्यंत खराब पुस्तके रद्दीत देऊ नयेत.

मात्र दुकानात असलेला सगळा माल दुकानदाराचा नसतो. विक्री-परतीच्या (न खपल्यास परत करायच्या) तत्त्वावर आलेले गठ्ठे आणि स्थानिक लेखकांच्या प्रती (प्रश्न १२) हा दुसऱ्याचा, आपल्याकडे सांभाळायला दिलेला माल आहे. पॉलिसीत तसा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याची भरपाई नाकारली जाऊ शकते. विमा घेतानाच ‘विश्वासाने किंवा कमिशनवर ठेवलेला माल’ यांचा समावेश लिहून घ्यावा आणि त्याची किंमत विमा रकमेत धरावी. लेखकाशी केलेल्या कागदावरही नुकसान कोणी सोसायचे ते एका ओळीत लिहावे. दुकानाने सोसायचे ठरले असेल, तर भरपाई छापील किमतीने न करता लेखकाच्या हिश्शाएवढी करावी आणि ती विम्याचे पैसे येण्याची वाट न पाहता द्यावी.